चंदनाची झीज : सामाजिक न्यायाच्या कार्यातील स्त्रिया आणि खचणारी उमेद

समाजासाठी झटणाऱ्या व्यक्तीचा गौरव करताना मराठीत 'चंदनासारखे झिजणे' हा शब्दप्रयोग हटकून केला जातो. सत्काराच्या भाषणात तो असतो, मानपत्रात असतो आणि शोकसभेतही असतो. याच भाषेत दुसरा एक वाक्प्रचार आहे : घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. गावातील एखादी स्त्री शेजारणीच्या तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात चार हेलपाटे घालते, तेव्हा तिच्या घरच्यांच्या तोंडी बहुधा हाच वाक्प्रचार येतो. पहिल्यात पूज्यभाव आहे, दुसऱ्यात उपहास आहे. परंतु झिजणाऱ्या व्यक्तीचे पुढे काय होते, याचा विचार दोहोंतही आढळत नाही.

हुंडा, मारहाण, बालविवाह, दारू, जमिनीतील वाटा, मजुरी, जातीवरून होणारा छळ अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या स्त्रिया आज राज्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. कोणी संस्थेच्या मानधनावर काम करतात, कोणी संघटनेच्या सभासद म्हणून, तर कोणी केवळ स्वतःच्या तळमळीने. त्यांच्यापैकी अनेकजणी काही वर्षांनंतर बैठकींना येईनाशा होतात आणि एके दिवशी कामातून बाहेर पडतात. 'तिला आता वेळ मिळत नाही' एवढ्यावर आपण समाधान मानतो. वस्तुतः तिची वेळ संपलेली नसते, उमेद संपलेली असते. या प्रश्नाचे स्वरूप समजावून घेणे आणि त्यावर गावपातळीपासून जिल्हापातळीपर्यंत काय करता येईल याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा उगम

या अवस्थेला इंग्रजीतून आलेला 'बर्नआउट' हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांतही रूढ झाला आहे. दिव्यातील तेल संपून वात जळून जावी, तशी काम करणाऱ्याची शक्ती आतून जळून जाणे, असा त्याचा भाव आहे. आज हा शब्द प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांच्या संदर्भात ऐकू येतो. त्याचा उगम मात्र सेवाभावी कार्यात आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवकांबरोबर काम करीत असत. दिवसभर आपला व्यवसाय करावा आणि रात्री उशिरापर्यंत दवाखान्यात राबावे, असा त्यांचा क्रम होता. अत्यंत उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही काळातच चिडचिडे, उदास व कोरडे होत जातात, असे त्यांना दिसून आले. या अनुभवावर त्यांनी १९७४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्वांत अधिक धोका सर्वांत अधिक निष्ठेने काम करणाऱ्यांनाच असतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. पुढे १९८५ मध्ये त्यांनी गेल नॉर्थ यांच्यासमवेत केवळ स्त्रियांच्या बर्नआउटवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. त्यांनी सुझन जॅक्सन यांच्या सहकार्याने १९८१ मध्ये या अवस्थेचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे. तेथे त्यास रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि योग्य रीतीने हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, असे त्याचे वर्णन केलेले आहे.

या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात. पहिले, शक्ती पूर्णपणे संपल्याची भावना. दुसरे, कामाविषयी मनात निर्माण होणारा दुरावा व कडवटपणा. तिसरे, आपल्या हातून काही साध्य होत नाही अशी वाढती जाणीव. साधा थकवा आणि ही अवस्था यांतील भेद येथे ध्यानी घ्यावा लागेल. सुगीच्या दिवसांत राबलेले माणूस चार दिवस विसावले की ताजेतवाने होते. खचलेली कार्यकर्ती मात्र चार दिवस माहेरी जाऊन आली तरी कामाचा विचार मनात येताच तिला पुन्हा तीच गळाठलेली अवस्था जाणवते.

आरोग्य संघटनेची ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे. नोकरीस मालक असतो, कामाचे तास असतात, रजा असते. सामाजिक कार्यकर्तीला बहुधा यांपैकी काहीच नसते. तिची नेमणूक कोणी केलेली नसल्यामुळे तिच्या श्रमाची जबाबदारीही कोणाची नसते. प्रश्न अधिक अवघड होतो तो येथे.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात स्त्रियांच्या सामाजिक कार्याची परंपरा मोठी आहे आणि तिच्या आरंभापासूनच हा प्रश्न तिच्यासोबत आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यानंतर सावित्रीबाई फुले यांनी सोसलेली निंदा सर्वज्ञात आहे. त्यांच्या चरित्रातील दुसऱ्या एका प्रसंगाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या काही काळ नायगाव येथे माहेरी राहिल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या गैरहजेरीत पुण्यातील कामाचा सारा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्या पत्रात व्यक्त झालेली आहे.

या एका नोंदीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सावित्रीबाईंसारख्या थोर स्त्रीलाही विश्रांतीची गरज होती आणि त्यांनी ती घेतली. आणि एकीने विश्रांती घेतली की तिचा भार दुसऱ्या एखाद्या न कुरकुरणाऱ्या सहकारी स्त्रीवर जातो, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असता १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले, हे आपण आवर्जून सांगतो. त्यांच्या मृत्यूचे स्मरण आपण जेवढे करतो, तेवढेच स्मरण त्यांच्या या विश्रांतीचेही केले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कार्याला संघटित रूप आले. १९७२ च्या सुमारास महागाईविरोधात मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर या त्या आंदोलनाच्या अग्रणी होत्या. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षी मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेची स्थापना झाली. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध १९८० मध्ये देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. घटनेपासून दुरुस्तीपर्यंत ११ वर्षे लोटली. न्यायासाठी काम करणाऱ्या स्त्रीला किती दीर्घ पल्ल्याची तयारी ठेवावी लागते, याची कल्पना या एका आकड्यावरून यावी.

पुढील काळात कार्याचे स्वरूप पालटले. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू झाला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आवारातच बसून पीडित स्त्रियांना मदत करू लागल्या. राज्य शासनाने हा उपक्रम पुढे स्वीकारला व अन्य जिल्ह्यांत नेला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि संरक्षण अधिकारी व सेवा देणाऱ्या संस्था यांना कायद्यात स्थान मिळाले.

या बदलाचा एक परिणाम असा झाला की कार्यकर्तीचे काम मोर्चापुरते उरले नाही. मोर्चा सायंकाळी संपतो. घोषणा देऊन, सोबत भाकरी खाऊन स्त्रिया घरी परततात आणि पुढील कामाचे बळ घेऊन परततात. एका स्त्रीच्या मारहाणीचे प्रकरण मात्र सायंकाळी संपत नाही. त्यात तक्रार, समुपदेशन, वैद्यकीय तपासणी, वकील, तारखा, मुलांची शाळा, भाड्याची खोली असे शंभर धागे असतात. बहुतेक वेळा हे सर्व धागे एकाच कार्यकर्तीच्या हाती असतात.

झीज कशामुळे होते

मास्लाक व मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा अंगांत बिघाड झाला की माणूस खचते, असे दाखवून दिले आहे. कामाचा भार, कामावरील स्वतःचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय्य वागणूक आणि मूल्ये ही ती सहा अंगे होत. आपल्याकडील कार्यकर्तीची स्थिती या कसोटीवर तपासून पाहिली असता काय दिसते?

भाराचा विचार प्रथम करू. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरगुती विनामोबदला कामात भाग घेणाऱ्या, सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या स्त्रिया त्या कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. म्हणजे स्त्रीचा जवळजवळ पाच तासांचा दिवस समाजकार्यापूर्वीच खर्ची पडतो. पुरुष कार्यकर्ता बैठकीस जातो, तेव्हा त्याच्या घरी कोणीतरी स्वयंपाक केलेला असतो. स्त्री कार्यकर्ती बैठकीस जाते, ती स्वयंपाक करून जाते आणि परत आल्यावर भांडी घासते. शेतमजुरी करणाऱ्या दलित, आदिवासी व भटक्या समाजातील स्त्रियांच्या बाबतीत मजुरीचा आणखी एक पाळीभर भार यात मिळवावा लागतो. एक दिवस तालुक्याला जाणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

दुसरे कारण दुःखाच्या सान्निध्याचे. भाजलेली, मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली स्त्री आपली कहाणी सांगते, ती ऐकणाऱ्याच्या मनातही साठत राहते. परदुःखाच्या सततच्या संपर्कातून ऐकणाऱ्याच्या मनावरही आघात होतो आणि झोप न लागणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे, जगावरील विश्वास उडणे असे परिणाम होतात, ही गोष्ट मानसशास्त्राने १९९० नंतरच्या काळात विस्ताराने मांडली आहे. ऐकणारी स्त्री स्वतःही कधी काळी त्याच अनुभवातून गेलेली असेल तर जुनी जखम पुन्हा उघडी पडते. गावोगावच्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळजणी आपल्याच आयुष्यातील अन्यायातून या कामाकडे वळलेल्या असतात, हे विसरता कामा नये.

तिसरे कारण विरोधाचे. पुरुष कार्यकर्त्याला विरोध होतो तो त्याच्या मतांना होतो. स्त्रीला विरोध होतो तेव्हा तिच्या चारित्र्याला हात घातला जातो. राजस्थानात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार त्यांनी केली. सत्र न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. या प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांतून २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आला. देशातील लक्षावधी नोकरदार स्त्रियांना संरक्षण मिळाले. ज्या कार्यकर्तीच्या यातनेतून ते मिळाले, तिच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली.

चौथे कारण मोबदल्याचे व मान्यतेचे. सेवेचे मोल पैशांत करू नये असे म्हटले जाते. परंतु एस.टी.चे भाडे, झेरॉक्स आणि फोनचे रिचार्ज यांना पैसेच लागतात. अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका या चळवळीतील कार्यकर्त्या नव्हेत. तथापि त्यांच्या उदाहरणावरून पुष्कळ शिकता येते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशांची योजना पगारी सेवक म्हणून न होता कामागणिक मोबदला घेणाऱ्या स्वयंसेविका म्हणून झाली. कोविडच्या साथीत त्यांनी केलेल्या कार्यासह एकूण कार्याचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. त्याच वर्षी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्या कामाला आपण सेवा म्हणतो ते कामच आहे, हे तत्त्व यातून अधोरेखित झाले.

पाचवे कारण संघटनेच्या आतले आहे व म्हणूनच ते उघडपणे बोलले जात नाही. बाहेर समतेची भाषा आणि आत मात्र सतरंज्या घालणे, चहा करणे, इतिवृत्त लिहिणे ही कामे स्त्रियांकडे, व्यासपीठ पुरुषांकडे, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. स्त्रियांच्या संघटनांतही शहरी, सुशिक्षित स्त्री निवेदन लिहिते आणि वस्तीतील स्त्री गर्दी जमविते, अशी विभागणी होते. श्रेय वरच्या पायरीवर थांबते आणि रोष खालच्या पायरीवरील कार्यकर्तीला सोसावा लागतो. परक्याने केलेल्या अन्यायापेक्षा आपल्या माणसांकडून झालेली उपेक्षा अधिक लवकर खचविते.

शेवटचे कारण अपराधी भावनेचे. 'माझ्यापेक्षा त्या बाईचे दुःख किती मोठे, मग मी थकले असे कोणत्या तोंडाने म्हणू?' असा प्रश्न कार्यकर्ती स्वतःलाच विचारते आणि गप्प राहते. स्त्रीचा त्याग हा स्वाभाविक गुण मानण्याची आपली जुनी सवय येथे कामी येते. ज्या समजुतीविरुद्ध ती गावात लढते, तीच समजूत तिच्या स्वतःच्या मनात घर करून बसलेली असते.

लक्षणांची ओळख

सहकाऱ्यांना व कुटुंबीयांना ही अवस्था वेळीच ओळखता येते. नेहमी वेळेवर येणारी स्त्री उशिरा येऊ लागते. फोन वाजला की दचकते किंवा तो उचलतच नाही. डोकेदुखी, पाठदुखी, आम्लपित्त, निद्रानाश यांच्या तक्रारी वाढतात. घरी मुलांवर विनाकारण राग निघतो. पूर्वी जी प्रत्येक स्त्रीची कहाणी शांतपणे ऐकत असे, ती आता 'सगळ्यांचे तेच ते रडगाणे' असे म्हणू लागते. काहीजणी उलट अधिकच काम अंगावर घेतात. थांबले तर सर्व कोसळेल असे त्यांना वाटते.

यांपैकी कडवटपणाचे लक्षण सर्वांत गंभीर समजावे, कारण त्याची किंमत तिसऱ्याच व्यक्तीला द्यावी लागते. रात्री मार खाऊन आलेल्या स्त्रीला थकलेली समुपदेशक 'थोडे सांभाळून घे' एवढे सांगून परत पाठविते. तिला त्या स्त्रीविषयी कणव नसते असे नाही. पुढील शंभर धागे हाती घेण्याचे बळ तिच्यात उरलेले नसते. परत गेलेली ती स्त्री पुन्हा तक्रार घेऊन येईलच, याची शाश्वती नसते. यास्तव कार्यकर्तीचे स्वास्थ्य हा तिचा खासगी प्रश्न मानता येत नाही. न्याय मागणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या सुरक्षिततेशी तो बांधलेला आहे.

केवळ विश्रांती पुरेशी नाही

या प्रश्नावर योगासने, ध्यान, सहल, छंद असे उपाय सुचविले जातात. त्यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु कार्यकर्ती विश्रांतीहून परतल्यावर तीच ४० प्रकरणे, तोच रिकामा हात आणि तीच निंदा तिची वाट पाहत असेल, तर विश्रांतीचा लाभ आठवडाभरही टिकणार नाही. गळक्या हंड्यात पाणी भरत राहण्याऐवजी हंडा दुरुस्त करणे शहाणपणाचे असते.

'सेवेला सुट्टी कसली?' असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी घेतात. त्यांच्या पिढीने अपार कष्ट सोसले, यात शंका नाही. परंतु त्या पिढीतील किती स्त्रिया मध्येच गळाल्या, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. टिकल्या त्यांची चरित्रे लिहिली गेली. गळाल्या त्यांची नावेही उरली नाहीत. शिवाय, शेतकरीसुद्धा जमिनीला पालट देतो, पडीक ठेवतो, तेव्हाच ती पुढील वर्षी पिकते. माणसाच्या मनाला हा न्याय लागू करण्यात कमीपणा मानू नये.

काय करता येईल

पंचायत सदस्यांच्या हाती पुष्कळ आहे. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या व महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण ५० टक्के झाले. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. या सभेत गावातील महिला कार्यकर्तींच्या अडचणी हा एक नियमित विषय ठेवता येईल. तिला बसण्यास पंचायत कार्यालयात एक जागा, महिलांशी एकांतात बोलण्यास एक खोली आणि तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात जाताना सोबत एक सदस्य, एवढे दिले तरी तिचा एकाकीपणा पुष्कळ कमी होईल. दारूबंदीच्या मतदानाचे उदाहरण घ्या. आडवी बाटली विजयी होण्यास एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. घरी राहिलेले प्रत्येक मत जणू उभ्या बाटलीलाच मिळते. म्हणून कार्यकर्तीला दारोदार फिरावे लागते. हे फिरणे पाच-सहा सदस्यांनी वाटून घेतले तर तेच काम एकीच्या जिवावर येत नाही.

अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. पहिली, कार्यकर्तीचे हेलपाटे कमी करणे. 'उद्या या' हा शब्द तिच्या दृष्टीने एक दिवस, एक भाडे आणि थोडी उमेद यांचा खर्च असतो. दुसरी, तिच्या संरक्षणासाठी असलेले कायदे तिला समजावून सांगणे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कर्मचारी या संज्ञेत विनावेतन स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीचाही समावेश होतो. संस्थेत दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार नोंदणीकृत सेवा देणाऱ्या संस्थेच्या सदस्याने सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल तिच्यावर खटला भरता येत नाही. जातपंचायतीने वाळीत टाकण्याचा प्रयत्न केल्यास सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा राज्याचा २०१६ चा कायदा उपयोगी पडतो. तिसरी गोष्ट, समित्यांवर नेमणूक करताना त्याच त्या चार स्त्रियांची नावे न घालता नव्या स्त्रियांना पुढे आणणे. गावात एकच कर्तबगार बाई आहे असे वाटणे, हीच तिच्या खचण्याची सुरुवात असते.

संस्था व संघटनांनी आपल्या अंदाजपत्रकात कार्यकर्तीच्या प्रवासासाठी, आजारपणासाठी व रजेसाठी तरतूद ठेवावी. एक प्रकरण एकीकडेच न देता दोघींकडे द्यावे. आठवड्यातून एकदा कार्यकर्त्यांनी एकत्र बसून आपल्या मनावर काय साठले आहे ते बोलावे. त्या बैठकीत कामाचा हिशेब मागितला जाऊ नये. रात्रीचे फोन पाळीपाळीने घ्यावेत. रजेवर गेलेल्या स्त्रीचे काम कोण करील, हे ती जाण्यापूर्वी ठरवावे. नाही तर नायगावहून सावित्रीबाईंना जी काळजी लागली होती, तीच काळजी घेऊन ती रजेवर जाईल आणि विश्रांती होणार नाही.

शिक्षकांचे कार्य दूरगामी आहे. समाजसुधारकांची चरित्रे शिकविताना केवळ त्यागाचे वर्णन न करता त्यांच्या सहकाऱ्यांचे, मैत्रीचे व परस्पर आधाराचेही वर्णन करावे. घरकामात मुलगा व मुलगी यांचा समान वाटा असावा, हा संस्कार शाळेत रुजला तर उद्याच्या कार्यकर्तीचे ते २८९ मिनिटांचे ओझे काही अंशी तरी हलके होईल.

उदासीनता अधिक काळ टिकल्यास, जगण्याची इच्छा मंदावल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यास विलंब करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक व्यक्तीला शासकीय यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळतो. इतरांना दवाखान्यात नेणाऱ्या स्त्रीने स्वतः तेथे जाण्यात संकोच मानू नये.

कुटुंबाची भूमिका

कार्यकर्ती घराबाहेर कितीही आदर मिळवीत असली, तरी तिला सर्वाधिक बळ घरातूनच मिळते किंवा तेथेच ते खच्ची होते. सासूने एक दिवस नातवंडांकडे पाहिले, पतीने स्वयंपाकाची जबाबदारी उचलली, मुलाने विहिरीवरून पाणी आणले, तर 'लष्कराच्या भाकऱ्या' हा टोमणा आपोआप मागे पडतो. भाकरी लष्कराची असो वा घरची, ती भाजणारे हात अधिक असले म्हणजे कोणाचाच हात पोळत नाही.

चंदन झिजते तेव्हा सुगंध दरवळतो हे खरे. परंतु झिजून झिजून खोड संपते, तेव्हा सहाणेवर नुसते पाणी उरते. आपल्या गावातील, तालुक्यातील काम करणाऱ्या स्त्रियांना ही वेळ येऊ न देणे सर्वांच्या हाती आहे. येत्या महिला सभेच्या विषयपत्रिकेत 'कार्यकर्तींच्या अडचणी' हा एक विषय लिहावा, गेल्या पाच वर्षांत गावातील कोणकोणत्या स्त्रियांनी काम सोडले त्यांची यादी करावी आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्यांना कामावर परत बोलाविण्याची घाई करू नये. आधी 'तुम्ही थकला होता, आमच्या लक्षात आले नाही' एवढे म्हणावे. पुढचे काम कसे वाटून घ्यायचे, हे त्याच स्त्रिया आपल्याला सांगतील.